उभ्या उसातलं नसणं

ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की आमच्या भागातला उजेड बदलतो. एरवी येडगावहून ओतूरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाच्या भिंती असतात आणि स्कूटीवरून जाताना आकाशाची तेवढी एक पट्टी डोक्यावर दिसते. टोळ्या येतात आणि या भिंती एकेक करून आडव्या होतात. काल ज्या वळणावर पुढचं काहीच कळत नव्हतं तिथं आज कुणाचं घर, कुणाची विहीर, पलीकडचा डोंगर उघडा पडलेला असतो. हवेत ओल्या पाचटाचा आणि कापलेल्या कांड्यांचा गोड, जरासा आंबूस वास. रस्त्यावर सांडलेले वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, त्यामागे धावणाऱ्या शेळ्या, आणि ट्रॅक्टरच्या गाण्याचा लांबूनच सुरू होणारा आवाज.

लोकांना या दिवसांत मोकळं वाटतं. "आता जरा लांबवर दिसतंय राव," असं जो तो म्हणतो. बिबट्याच्या भीतीनं आठ-दहा महिने अंग चोरून जगलेली माणसं अंगणात बाज टाकून बसतात. मला मात्र नुकत्याच कापलेल्या रानाकडे चटकन बघवत नाही. नजर गेली की आधी काहीतरी नाही हे दिसतं, आणि मग हळूहळू जे आहे ते दिसायला लागतं: खोडक्या, सऱ्या, पाण्याचा पाईप, एखादा बगळा. हा उलटा क्रम मला त्या एका हिवाळ्यात लागला. अजून सुटलेला नाही.

मी ओतूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. विषय घेणारी मुलं दरवर्षी कमी होत गेली, आणि जी यायची त्यातली निम्मी दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेली. पहिल्या तासाला मी फळ्यावर 'सत्तामीमांसा' असा शब्द लिहायचे आणि मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी विचारायचं, "मॅडम, म्हंजी ग्रामपंचायतीचं का?" वर्ग हसायचा. मीही हसायचे. मग सांगायचे, की सत्ता म्हणजे इथं असणं. जगात काय काय आहे, ते कोणकोणत्या तऱ्हेनं आहे, आणि 'आहे' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो, याचा विचार म्हणजे सत्तामीमांसा. इंग्रजीत तिला ऑन्टॉलॉजी म्हणतात. खडू आहे. खडूचा पांढरेपणा आहे. खडू आणि फळा यांच्यातलं अंतर आहे. पण हे तिन्ही 'आहे' सारखेच आहेत का?

मुलं या ठिकाणी कंटाळायची. ती जागी व्हायची ती अभावापाशी. आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनकारांनी जगातल्या सगळ्या गोष्टींची वर्गवारी केली. वस्तू, गुण, क्रिया अशी ती यादी वाढत गेली आणि पुढच्या लोकांनी तिच्यात एक जागा चक्क नसण्याला दिली. नसणं हीसुद्धा जगातली एक गोष्ट. मी टेबलावरचा डस्टर उचलून पिशवीत टाकायचे आणि विचारायचे, "टेबलावर डस्टर नाही, हे तुम्हाला दिसतंय, की तुम्ही ते ठरवताय?" मग गोंधळ उडायचा. शेवटी मी एक अट सांगायचे, जी जुन्या पंडितांनी फार काळजीपूर्वक घातलेली आहे. एखादी गोष्ट न दिसणं हा तिच्या नसण्याचा पुरावा केव्हा? ती असती तर दिसली असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. उजेडात, मोकळ्या टेबलावर. अंधारात डस्टर दिसला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हे मी पुष्कळ वर्षं शिकवलं. मला ते नीट कळतं असंही वाटायचं.

प्राची ही माझी जुनी विद्यार्थिनी. ओतूरच्या पेठेत तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. जैन घराणं, कधीकाळी राजस्थानातून आलेलं, आता बोलणं-चालणं पुरतं इथलं. तत्त्वज्ञानाचा एक पेपर माझ्याकडे करून ती पुढं कॉम्प्युटरकडे गेली आणि पुण्यात कामाला लागली. त्या वर्षी दिवाळीआधी ती एक दिवस माझ्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या विषयाला आमच्याकडे काम आहे."

मला आधी ती चेष्टा वाटली. मग तिनं समजावलं. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत बिबट्या दिसल्याच्या खबरा लोक एका नंबरवर कळवणार, आणि मशीन त्या खबरा समजून घेऊन आसपासच्या लोकांच्या फोनवर सावधानतेचा इशारा धाडणार. पण मशीनला काही म्हणता काही माहीत नसतं. बिबट्या हा प्राणी आहे, इथले लोक त्यालाच वाघ म्हणतात, बछडा हाही बिबट्याच, ठसा ही खूण आहे, प्राणी नव्हे, हल्ला ही घटना आहे आणि घटनेला ठिकाण असतं, वेळ असते, त्यात कुणीतरी सापडलेलं असतं, हे सगळं तिला एकेका वाक्यात सांगावं लागतं. एखाद्या क्षेत्रात कोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत आणि त्यांची एकमेकींशी काय नाती आहेत, याचा मशीनला वाचता येईल असा आराखडा. "त्यालाही ऑन्टॉलॉजीच म्हणतात," ती म्हणाली. "शब्द तुमच्याकडूनच उचललाय."

मग आम्ही दोघी रविवारच्या दुपारी बसू लागलो. गुरगुरणं ही खूण की घटना? मेलेली शेळी म्हणजे पुरावा, पण ती तर प्राणीही आहे, मग ती कुठल्या घरात टाकायची? अफवा ही गोष्ट म्हणून घ्यायची की नाही? असल्या प्रश्नांवर पोरींसारख्या भांडायचो. मला फार बरं वाटत होतं. आमच्या पुढ्यात, बांधापलीकडे, कमळचा ऊस वाऱ्यावर सळसळत असायचा.

कमळ माझी शेजारीण. चाळिशीची, काटक, बोलायला फटकळ. मला ती 'बाई' म्हणते. तिचा नवरा सुदाम त्याच उसात गेला होता. भाद्रपद सरता सरता, संध्याकाळी वीज आल्यावर तो पाण्याची दारं धरायला म्हणजे एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत वळवायला आत गेला आणि परत आला नाही. शोधायला गेलेल्यांनी त्याला बाहेर आणलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. कमळ त्या दिवशी इथं नव्हती. तिची आई आजारी म्हणून ती माहेरी, पेठ गावाला गेली होती. ती आली तोवर सगळं गुंडाळून झालं होतं. थोरल्या बायांनी तिला धरून ठेवलं, तोंड बघू नकोस म्हणाल्या. बघण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून म्हणाल्या. पायांवरचं तेवढं कापड बाजूला केलं. तिनं पायांवर डोकं ठेवलं आणि माणसं त्याला घेऊन गेली.

पुढं वनखात्याच्या माणसांनी उसाच्या कडेला पिंजरा लावला. बिबट्या सापडला, गाडीत घालून नेला. बघायला सगळा गाव लोटला. कमळ गेली नाही.

आणि काही दिवसांनी ती म्हणू लागली, "त्यो न्हाई ह्यो. त्यो हितंच हाय."

आधी लोकांनी मनावर घेतलं. बॅटऱ्या, काठ्या, फटाके झाले. झाडांना कॅमेरे बांधले गेले, त्यात रानमांजर आणि एकदा महादूभाऊ, म्हणजे सुदामचा थोरला भाऊ, लुंगी सावरत जाताना आला. ठसा नाही, केस नाही, कुणाचं कुत्रं गेलं नाही, शेळी गेली नाही. तरी कमळ रोज प्राचीच्या त्या नंबरवर फोन करायची. उसात हाललं. उसात खाकरलं. उसात उभं व्हतं, माज्याकडं बघत व्हतं. आणि दर फोनला आसपासच्या सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजायचे. शाळेत पोरं सोडायला दोघं-तिघं बापे जायचे. बाया संध्याकाळी परसाकडे जायच्या तर जथ्यानं. गावातल्या काहींना फोन वाजायच्या आधीच छातीत धडधडायला लागलं होतं. मलाही. ओट्यावर बसलं की पाठ भिंतीला लागलेली आहे ना, हे मी हातानं चाचपून बघायचे.

एका दुपारी महादूभाऊ माझ्याकडे आला. प्राचीही होती. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मॅडम, कारखान्याची तोड यायची येळ झाली. ह्या रोजच्या फोनामुळं टोळी आमच्या फडात घुसाया तयार न्हाई. मुकादम म्हंतो, आधी कळवा वाघ हाय का न्हाई. तुमी त्या मशीनीत न्हाई म्हनून टाका म्हंजी झालं."

प्राची माझ्याकडे बघायला लागली. तिच्या पुण्याच्या ऑफिसातल्या माणसांनीही तिला तेच सांगितलं होतं. इतके दिवस तपासून काही सापडलं नाही, तर त्या शेताला 'नाही' लावून टाकावं.

मला आठवतं, मी तेव्हा फार बोलले. एस.टी. स्टँडवरचा फलक असतो तसं एक जग असतं, मी म्हटलं. फलकावर गाडी नाही तर गाडी नाही, प्रश्न मिटला. पण आपल्या फोनमध्ये एखाद्याचा नंबर नाही म्हणून त्या माणसाकडे फोनच नाही असं होत नाही. तिथं उत्तर एवढंच, की आपल्याला माहीत नाही. प्राचीच्या विद्येत या दोन्ही तऱ्हांना नावं आहेत, बंद जग आणि उघडं जग. आणि उभा ऊस म्हणजे फलक नव्हे. मोकळ्या अंगणात बिबट्या दिसला नाही तर तो नाही. उसात दिसला नाही, तर त्यावरून काय कळलं? तो असता तरी दिसला नसताच.

महादूभाऊनं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "समदं खरं. पर हाय का न्हाई, येवडंच सांगा. तिसरं काय असतंय?"

"आमच्या आजोबांच्या बोलण्यात असतं," प्राची म्हणाली. "आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही, त्याला ते अवक्तव्य म्हणतात. सांगता न येणारं."

"मंग टोळीला काय सांगू? अवक्तव्य हाय म्हनून?"

आम्ही तिघंही हसलो, आणि हसणं लगेच थांबलं, कारण दारात कमळ उभी होती. कधी आली कोण जाणे. "न्हाई म्हनून लिवू नका, ताई," ती प्राचीला म्हणाली. "लई पाया पडते." आणि गेली. ती शेताकडे वळेपर्यंत महादूभाऊ टोपी हातात घेऊन तसाच बसून राहिला.

त्या शेतापुढं मशीनमध्ये 'माहीत नाही' राहिलं. इशारे चालू राहिले.

पौषातल्या एका संध्याकाळी, अजून ऊन होतं, मी बांधावरच्या कढीपत्त्याचा डहाळा तोडायला गेले. पलीकडून कमळचा आवाज आला. मला वाटलं, कुणाशी तरी बोलतेय. वाकून पाहिलं तर ती उसाच्या कडेला, तोंड आत करून, दगडावर बसली होती. समोर कुणी नव्हतं. सहा-सात फुटांवर उसाची काळपट भिंत. तिच्यात वारा शिरला की आतलं सगळं थोडं मागं-पुढं व्हायचं.

"मोटर जळली व्हती," ती सांगत होती. "भरून आनली. म्हशीला रेडी झाली. भावजी तोड आनायचं म्हंत्यात. म्या म्हनलं, न्हाई, वाघ हाय." जरा थांबली. मान कलती करून ऐकल्यासारखं केलं. "पेठंची आई बरी हाय आता."

माझ्या अंगावर काटा आला. पाचट वाजलं म्हणून, की ती ज्या साध्या सुरात बोलत होती त्यानं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या क्षणी उसात कुणी नाही असं मी छातीठोकपणे म्हणू शकले नसते. मी, जिनं आयुष्यभर मुलांना डस्टरचा खेळ दाखवला ती, कढीपत्ता हातात घेऊन उभी होते आणि आतून कुणी उत्तर देतंय का ते ऐकत होते.

तिनं मला पाहिलं. लपवलं काही नाही. सरकून दगडावर जागा केली.

"उसात गेले त्ये समद्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "भाईर आलेले म्या न्हाई बघितले."

"कमळ, पाय पाहिलेस ना तू."

"पाय कुनाचंबी असत्यात, बाई."

तिच्या वाक्यात मला कुठं बोट ठेवायला जागा सापडेना. तिनं खोटं काहीच मानलेलं नव्हतं. नवरा जिवंत आहे असं ती एकदाही म्हणाली नाही, वर्षश्राद्धाचं महादूभाऊनं काढलं तेव्हा मान हलवून हो म्हणाली होती. फक्त ऊस उभा होता तोवर उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर येत नव्हतं तोवर तिला त्या कडेला बसून रेडीची, मोटरीची खबर सांगता येत होती. बिबट्या हा तिचा राखणदार होता. तो आहे म्हटलं की टोळी येत नव्हती.

मी घरी आले. प्राचीला फोन करायला हातात घेतला आणि ठेवून दिला. काय सांगणार होते मी तिला? की ज्या 'माहीत नाही'साठी मी एवढी बोलले, त्यात एक बाई राहायला गेली आहे?

माघात तोड शेवटी आलीच. आजूबाजूचे सगळे फड संपले, कमळचा ऊस एकटा बेटासारखा राहिला, आणि जायच्या आधी तेवढं उरकून घ्या म्हणून मुकादमानं टोळीला आणून बांधावर उभं केलं. सकाळची वेळ होती. कोयते हातात, पण पाऊल कुणी टाकेना. महादूभाऊ हात जोडून कमळला समजावत होता. ती सरीच्या तोंडाशी उभी, पदर खोचलेला, जागची हलेना.

"वाघ हाय," तिचं एकच. "माज्या मालकाला नेलं. तुमचं मानूस जाईल तवा कळंल."

तेव्हा टोळीतली एक पोरगी पुढं आली. रेखा तिचं नाव, हे मागाहून कळलं. विशीची असेल नसेल. कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी, डोक्याला कुंची बांधलेली. टोळीतल्या बाया लेकरं फडाच्या कडेला, झोळीत नाहीतर नुसत्या वाकळेवर निजवतात आणि आत वाकून तोडत राहतात. दुसरं करणार काय? रेखा कमळच्या पुढ्यात उभी राहिली आणि तिनं विचारलं, "ताई, खरं सांगा. हिला हितं निजवू का नको?"

बाकी सगळ्यांनी तिला आजवर बिबट्याबद्दल विचारलं होतं. असं कुणी विचारलं नव्हतं.

कमळ त्या लेकराकडे बघत राहिली. लेकरू कुंचीची नाडी चोखत होतं. मला वाटतं, तेवढ्या वेळात तिच्या मनात कायकाय होऊन गेलं असेल. हो म्हणावं तर ऊस जाणार, आणि कदाचित लेकराचा जीवही. नको म्हणावं तर एका बाईचा आजचा दिवस आपल्या शब्दावर बुडणार. आणि तिलाही ठाऊक नव्हतंच ना, आत काय आहे ते. इतके दिवस ती जे सांगत होती त्याची भीती तिला स्वतःलाही तितकीच वाटत होती, हे तिच्या चेहऱ्यावर मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"खाली नको निजवू," ती म्हणाली. "आन तिला हिकडं. मी बसते घिऊन."

आणि सरीच्या तोंडापासून ती बाजूला झाली.

दिवसभर कमळ बाभळीखाली बसून होती, मांडीवर रेखाची मुलगी, शेजारी सुदामचा कोयता. पाठ झाडाला, तोंड उसाकडे. मुलगी रडली की रेखा येऊन पाजून जायची. टोळीनं चारी बाजूंनी तोडत आणलं. कोयत्याचा सपकन आवाज, कांडी पडल्याचा आवाज, मोळ्या बांधतानाची बोलणी. ऊस मागं मागं सरकत गेला. आम्ही सगळे बांधावर. दुपारचं ऊन कलायला लागलं तेव्हा मधोमध खोलीएवढा तुकडा उरला आणि आपोआप सगळ्यांचे हात थांबले. काही असलंच तर आता तिथंच होतं.

मुकादमानं पळून जायला एक बाजू मोकळी ठेवायला लावली. बाप्यांनी डबे बडवले, आरोळ्या दिल्या. तुकड्यातलं पाचट थरथरलं. एक भारद्वाज फडफडत बाहेर आला आणि विहिरीकडे गेला. बस्स. मग दोघा जणांनी पुढं होऊन ते शेवटचे ऊस तोडले, आणि रान या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसू लागलं.

लोकांनी जोरात श्वास सोडला. कुणी हसलं. कुणी "हात्तिच्या" म्हणालं. महादूभाऊ तर खालीच बसला.

कमळ उठली. लेकराला तिनं कडेवर घेतलं आणि खोडक्यांतून, सरीसरीनं चालत आत निघाली. अनवाणी होती. कापलेल्या उसाची खोडं पायाला लागत असणार. मधेच थांबून तिनं मागं न बघता विचारलं, "भावजी, कुठं सापडलं व्हतं?"

इतक्या महिन्यांत तिनं हे विचारलंच नव्हतं. महादूभाऊ उठला, पाण्याच्या पाईपच्या जरा अलीकडची जागा त्यानं हातानं दाखवली. ती तिथं गेली. खाली पाहिलं, मग चारी बाजूंना पाहिलं, सावकाश, अगदी पलीकडच्या कालव्यापर्यंत. तिथं ओली माती होती, उसाची खोडं होती, पाचट होतं. उजेड भरपूर होता.

"न्हाईत," ती म्हणाली.

जवळच्या एक-दोघांना वाटलं, ती बिबट्याबद्दलच बोलतेय. "व्हय, न्हाईच की," कुणीतरी म्हणालं. पण बिबट्याला कुणी 'न्हाईत' म्हणत नाही. आमच्याकडच्या बायका तसं एकाच माणसाला म्हणतात. मग ती खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, भाद्रपदापासूनचं सगळं. कडेवरचं लेकरूही तिच्याबरोबर रडायला लागलं, तशी रेखा कोयता टाकून धावली. तिनं लेकरू काढून घेतलं नाही. दोघींना मिळून कवेत घेऊन ती बसून राहिली.

त्या रानात त्या दिवशी जे मी पाहिलं ते मी शिकवत होते तेच होतं, पण शिकवताना मी एक गोष्ट कधी बोलले नव्हते. नसणं दिसायला उजेड लागतो, मोकळी जागा लागते, हे मी सांगायचे. ते बघायला कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि त्याला ते केवढ्याला पडतं, हे माझ्या टिपणांत कुठंच नव्हतं. खरं म्हणजे बिबट्याचं उत्तर आम्हाला आजही मिळालेलं नाही. तो मुळात नव्हता, की आजूबाजूचे फड पडताना आधीच निघून गेला, कोण सांगणार? ओट्यावर बसले की अजून मी पाठ भिंतीला टेकवते.

उन्हाळ्यात प्राची परत आली. कमळनं त्या रानात खोडवा, म्हणजे खोडक्यांवर फुटणारा पुढचा ऊस, ठेवला नाही, नांगरून कांदा केला होता आणि तो काढायचं चाललं होतं. ती हात धुऊन ओट्यावर आली, लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "ताई, ह्यात ह्यांचं नाव हाय का?"

प्राची घाबरली. पण तिनं उघडून दाखवलं. घटनेत सापडलेली माणसं आणि खबर देणारी माणसं, त्यांची एकमेकांशी नाती, अशी वाक्यं तिथं होती. तिनं वाचलं, "सुदाम ही व्यक्ती आहे. सुदाम हा कमळचा पती आहे."

"आहे?" कमळनं विचारलं.

"मशीनला काळ कळत नाही हो. आपण सांगितल्याशिवाय तिच्यात सगळं 'आहे'च असतं."

कमळनं बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं. वाचता तिला येतं, बोटानं तिनं अक्षरं लावली. मग म्हणाली, "ह्ये बदला. व्हते म्हना."

प्राचीनं बदललं. तसं त्या ओळीखालचं वाक्य आपलं आपण बदललं: कमळ ही सुदामची पत्नी होती.

"ह्ये काय? मी कशी व्हती?" कमळ म्हणाली. "मी हाय की. ही काय बसले."

"नातं दोन्हीकडून सारखं चालतं," प्राची हळूच म्हणाली. "एक बाजू संपली की दुसरी मशीन आपोआप संपवते. तसा नियम आहे."

"त्ये माजे मालक व्हते. मी त्यांची बायकू हाय. ह्यात काय चुकलं?"

प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं नियम बाजूला सारून ते दुसरं वाक्य हातानं लिहिलं, आणि लगेच त्याच्यापुढं लाल खूण उमटली, विसंगती आहे म्हणून. कमळनं विचारलं हे लाल काय, तेव्हा प्राची म्हणाली, काही नाही, असू दे. कमळ पदर खोचून कांद्याकडे गेली. त्यानंतर प्राचीनं त्या आराखड्यातल्या पुष्कळ चुका दुरुस्त केल्या. ती लाल खूण तिनं अजून काढलेली नाही.